मृत व्यक्तीचा मोबाईल क्रमांक

अनुपमा गोलतकर अकरा वर्षं माझ्या हाताखाली होती आणि त्या अकरा वर्षांत आमचं एकदाही पटलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचताना कुणाला वाटायचं की मी तिची आरती ओवाळतोय.

आमचं कार्यालय बोरिवलीला. त्याचं नाव लिहीत नाही. घरी वारलेल्या माणसांची नोंद घ्यायची आणि दाखला द्यायचा, एवढंच तिथलं काम. मी, श्यामसुंदर रेगे, मुख्य लिपिक. ती चार नंबरच्या खिडकीवर. दहिसरला नदीकाठच्या एका चाळीत ती वडिलांबरोबर राहायची. वडील गुणाजी, गिरणी बंद पडल्यावर वीस वर्षं कुठल्याशा सोसायटीच्या गेटवर बसलेले. बाईंनी लग्न केलं नव्हतं. ‘का’ म्हणून एकदा आमच्यातल्या एकीने विचारलं, तर ‘तुझा काय अडला गो?’ एवढं ऐकून ती परत आली.

खिडकीवर येणारी माणसं कालपरवा घरातलं कुणी गेलेलं असताना यायची. त्यांच्याशी तरी नीट बोलावं की नाही? नाही. एक गृहस्थ आईचा अर्ज भरता भरता रडायला लागले. ही म्हणाली, “ते बाहेर जाऊन करा. शाई पसरते. मग अर्ज पुन्हा भरायला लागेल.” तक्रार आली. मी तिला बोलावून सांगितलं, “बाई, जरा हळू बोलत जा.”

“हळू बोलल्याने दाखला लवकर निघतो काय?” ती म्हणाली. “दोन फेऱ्यांच्या जागी एक होते काय? होत असेल तर सांगा, कुजबुजते.”

चीड यायची ती याची, की तिच्या खिडकीवरून गेलेला अर्ज कधी चुकून परत यायचा नाही. माझ्या स्वतःच्या हातचे यायचे.

मग पोर्टल आलं. कागदी अर्ज एका सोमवारपासून बंद. जन्म, लग्न, मृत्यू, सगळं एकाच वेबसाइटवर. सांताक्रूझच्या मुख्यालयात सबनीस साहेब, म्हणजे देवव्रत सबनीस, या डिजिटल कामाचे प्रमुख. वेबसाइटचं डिझाईन एका सल्लागार कंपनीचं आणि तिथला मुख्य माणूस केयूर. वय चाळीसच्या आसपास, पायात पांढरे बूट, बोलायला मऊ. उद्घाटनाला दोघांचीही भाषणं झाली. आम्हाला एकेक पेन मिळालं.

पहिल्याच दिवशी अकरा वाजता अनुपमाने मला हाक मारली. “रेगे साहेब, हे बघा.”

मृत्यूच्या अर्जाच्या दुसऱ्या पानावर एक रकाना होता, ‘मृत व्यक्तीचा मोबाईल क्रमांक’. त्याच्यापुढे लाल चांदणी. चांदणी म्हणजे भरल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. क्रमांक टाकला की त्यावर सहा आकडी ओटीपी जाणार आणि तो नव्वद सेकंदांत परत टाकायचा.

“मेलेल्या माणसाने ओटीपी सांगायचा?” ती म्हणाली.

जन्माच्या अर्जात बापाचा नंबर, लग्नाच्या अर्जात नवऱ्याचा. तोच साचा उचलून मृत्यूला लावला होता. अर्ज कोणाबद्दल आहे, त्याचा नंबर! ज्याने लावला त्याने एकदाही तो अर्ज स्वतः भरून पाहिला नसणार. त्याहून वाईट पुढे होतं. कसाबसा अर्ज पूर्ण झाला की पडद्यावर रंगीत कागदाचे तुकडे उडायचे आणि मोठ्या अक्षरांत यायचं: ‘अभिनंदन!’

लोक मेलेल्यांचे फोन घेऊन यायला लागले. प्लास्टिकच्या पिशवीत, रुमालात, चार्जर लावून. कुणाचा रिचार्ज संपलेला, कुणाला पासवर्ड माहीत नाही. एका बाईंनी नवऱ्याचा फोन त्याच्याबरोबर चितेवर ठेवला होता. आणि ज्यांच्याकडे आयुष्यात कधी मोबाईलच नव्हता, त्यांचं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

अनुपमाने पत्र लिहिलं. वर पाठवायला माझ्याकडे दिलं. भाषा तिची नेहमीचीच होती, ‘हा रकाना कोणत्या शहाण्याने ठेवला ते कळावे.’ मी ते कपाटात ठेवलं. दुसरं दिलं, तेही ठेवलं. चौदा महिन्यांत तिने चार पत्रं दिली आणि चारही माझ्या कपाटात राहिली. असलं पत्र माझ्या सहीने वर गेलं असतं तर सबनीस साहेबांनी मलाच झापलं असतं.

मी माझ्या पद्धतीने वाट काढली होती. माणूस फारच अडला तर हळूच सांगायचं, “कुणाचाही चालू नंबर टाका हो. शेजाऱ्याचा टाका. ओटीपीपुरताच तर आहे.” लोक आभार मानून जायचे. मला बरं वाटायचं.

अनुपमा मात्र तसं सांगायची नाही. “खोटा नंबर नोंदीत कायमचा राहणार. उद्या काय होईल कुणास ठाऊक,” म्हणायची, आणि माणसाला सिम कंपनीच्या दुकानात पिटाळायची. लोक तिला शिव्या घालायचे. मीही मनात घालायचो.

एका दुपारी दीड वाजता ती जेवायला गेली होती आणि तिच्या खिडकीवर मी बसलो होतो. कुंडलिक नावाचे एक वृद्ध गृहस्थ आले, मागाठाण्याचे. बायको गेलेली. बायकोकडे फोन नव्हता. मी नेहमीचं सांगितलं. त्यांच्याबरोबर शेजारची मुलगी आली होती, रुचिरा, बावीस-तेवीसची. ती म्हणाली, “माझा टाका ना काका, काय फरक पडतो.” तिचाच नंबर टाकला. ओटीपी आला, कागदाचे तुकडे उडाले, दाखला निघाला.

पाच महिन्यांनी रुचिरा एकटी आली. नर्सिंगच्या सरकारी भरतीचा अर्ज भरायला बसली, तर मोबाईल क्रमांक टाकल्यावर उत्तर आलं होतं: ‘या क्रमांकाच्या धारकाची मृत्यू नोंद झालेली आहे.’ पोर्टल आता बाकीच्या सरकारी वेबसाइटशी जोडलं होतं. मुलीने दोन वर्षं अभ्यास केला होता. अर्जाची मुदत तीन दिवसांत संपत होती. दुरुस्तीसाठी अर्ज करायचा तर त्याचा ओटीपी त्याच क्रमांकावर जाणार, आणि पोर्टलच्या लेखी मेलेल्या क्रमांकावर तो जायचाच नाही.

ती चार नंबरच्या खिडकीसमोर उभी राहून ओरडली, “इथूनच सांगितलं होतं! ह्याच खिडकीवरून! तुमच्यामुळे माझी वाट लागली!”

मी माझ्या टेबलावर होतो. आमच्यात फार तर पंधरा फुटांचं अंतर. अनुपमाने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मी असं सांगत नाही.”

“मग काय भुताने सांगितलं?”

अनुपमा माझ्याकडे बघत होती. मी फाईल उघडली.

मुदत संपली. रुचिराची परीक्षा गेली ती गेलीच. तिच्या तक्रारीवरून मुख्यालयाने मेमो काढला, खिडकी क्रमांक चारवरील कर्मचाऱ्याच्या नावाने. तो मेमो मीच अनुपमाच्या हातात दिला. तिने वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला.

“वेळ दुपारी दीडची आहे,” ती म्हणाली. “मी जेवायला गेले होते.”

“तसं उत्तरात लिहा,” मी म्हणालो.

“मी लिहिणारच. तुम्ही काय लिहिणार, रेगे?”

त्या दिवसापासून माझ्या नावापुढचा साहेब गेला.

त्याच आठवड्यात केयूर आला, सेवा सुधारायला. प्रत्येक खिडकीवर त्याने एक छोटी पाटी बसवली, बटणांची. त्यावर तीन चेहरे, हसरा, साधा, रडका. ‘आजचा अनुभव कसा वाटला?’ अनुपमाने चार नंबरची पाटी उपटून ड्रॉवरमध्ये टाकली. मग बैठक झाली. पडद्यावर चित्रं. नागरिकाचा प्रवास, शांत करणारा निळा रंग, बटणांच्या गोल कडा. सबनीस साहेब मान डोलावत होते.

अनुपमा मागून म्हणाली, “नंबरचा रकाना काढणार काय?”

केयूर हसला. “मॅडम, ती एज केस आहे. म्हणजे अपवाद. डेटा बघितला तर नव्व्याण्णव टक्के अर्जांत तो रकाना भरलेला आहे.”

“भरल्याशिवाय अर्जच जात नाही. मग भरलेलाच दिसणार ना? जे परत गेले ते तुमच्या डेटात कुठे आहेत?”

“त्यासाठी आपण लोकांच्या पाहणीची दुसरी फेरी...”

“खिडकीवर येऊन बस. तीच फेरी.”

सबनीस साहेबांचा आवाज चढला. “गोलतकर, तुम्हाला डिझाईनमधलं काही कळतं का? तुमच्यावर आधीच एक मेमो आहे. खाली बसा.” मग सगळ्यांना उद्देशून म्हणाले, “कुणाला अडचण असेल तर पोर्टलचं परिपत्रक वाचा. त्यात सगळं लिहिलंय.”

ती खाली बसली. आणि तिने परिपत्रक वाचलं.

पुढच्या सोमवारी साडेअकराला मला जाणवलं की चार नंबरसमोर लोक बाकांवर बसून आहेत आणि कुणीच परत जात नाहीये. अकरा माणसं. अनुपमाने फोन स्पीकरवर ठेवला होता.

“सबनीस साहेब? बोरिवलीहून गोलतकर. तुमच्या मोबाईलवर ओटीपी आला असेल. सांगा.”

“कसला ओटीपी?”

“मृत्यूचा.”

मी धावत गेलो. “बाई, काय चालवलंय?”

तिने परिपत्रक माझ्यापुढे सरकवलं. शेवटच्या ओळीखाली पेन्सिलने रेघ होती. ‘मोबाईल क्रमांकाबाबत अडचण आल्यास खालील क्रमांकाचा वापर करावा.’ आणि खाली देवव्रत सबनीस यांचा मोबाईल. त्यांना म्हणायचं होतं, फोन करा. लिहिलं होतं, वापर करा.

“आदेश पाळतेय,” ती म्हणाली आणि पुढचा अर्ज उघडला.

साहेबांनी फोन ठेवून दिला. तिने पुन्हा लावला. एकेक माणसाच्या नावाने ओटीपी जात होता, नव्वद सेकंद संपत होते, ती पुन्हा पाठवत होती. मी मध्ये पडलो असतो, तर बाकांवरच्या माणसांनी मला तुडवलं असतं. त्यांना तिने स्वच्छ सांगितलं होतं: “नंबर साहेबांचा आहे. ते वाचून दाखवतील तेव्हा तुमचं काम होईल. बसायचं तर बसा, जायचं तर जा.” एकही गेला नव्हता.

पाऊण वाजता साहेब स्वतः आले. गाडीतून उतरले तेच ओरडत. मागे केयूर. “सस्पेंड करतो! आत्ताच्या आत्ता! सरकारी अधिकाऱ्याचा नंबर मयताच्या नावावर टाकता?”

अनुपमा खुर्चीवरून उठली नाही. “मयताकडे नाही. मग कोणाचा टाकू? शेजाऱ्याचा? त्या रुचिराचा टाकला होता कुणीतरी. तिचं काय झालं माहिताय ना?”

पहिल्या बाकावर वसुधाताई नावाच्या एक म्हाताऱ्या बसल्या होत्या, दहापासून. नवरा आठ दिवसांपूर्वी गेलेला. फोनबिन काही नाही. त्या काठी टेकत उठल्या आणि साहेबांच्या समोर उभ्या राहिल्या.

“तुम्हीच का ते नंबरवाले? मग वाचा ना बाबा. केव्हाची बसलेय.”

साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. दोघातिघांनी मोबाईल वर धरले होते. त्यांनी दात खात खिशातला फोन काढला आणि आकडे अक्षरशः फेकले, “चार, शून्य, सात, सात, दोन, नऊ! घ्या! झालं समाधान?”

अनुपमाने आकडे टाकले, अर्ज पाठवला आणि पडदा बाहेरच्या बाजूला वळवला.

रंगीत तुकडे उडाले. ‘अभिनंदन! आपली प्रक्रिया यशस्वीरीत्या पूर्ण झाली आहे.’

वसुधाताई डोळे बारीक करून बघत राहिल्या. “हे काय आहे? कुणाचं अभिनंदन?”

मी केयूरकडे पाहिलं. त्याचं तोंड उतरलं होतं. तो म्हणाला, “आजी, ते चुकून आलं.”

“रोज येतं,” अनुपमा म्हणाली. “चौदा महिने.”

तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. संदेश होता. त्यांनी वाचला आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो नंतर मी चौकशीच्या कागदात पाहिला: ‘या क्रमांकाच्या धारकाची मृत्यू नोंद स्वीकारण्यात आली आहे.’

ती त्याच संध्याकाळी निलंबित झाली. पण सबनीस साहेबांना त्यांच्याच पोर्टलवर, अधिकारी म्हणून, प्रवेश मिळेना. त्यांचा सगळा कारभार त्या एका क्रमांकावर. दुरुस्तीचा अर्ज करायला गेले, तर ओटीपी मेलेल्या नंबरवर. रुचिरा जिथे अडकली होती तिथेच ते अडकले, फक्त त्यांच्यासाठी सहा इंजिनिअर कामाला लागले. एकोणिसाव्या दिवशी मृत्यूच्या अर्जातला तो रकाना निघाला. अभिनंदन गेलं. त्या जागी साध्या काळ्या अक्षरांत आलं, ‘नोंद झाली. दाखला सात दिवसांत मिळेल.’ पुढच्या वर्षी कुठल्याशा परिषदेत केयूरच्या कंपनीला या बदलाबद्दल ढाल मिळाली. संवेदनशील डिझाईन म्हणून.

चौकशीत आरोप दोन होते. दुसरा, साहेबांच्या नंबरचा. तो तिने तिथल्या तिथे मान्य केला. पहिला रुचिराचा. तो तिने नाकारला.

समितीने मला विचारलं, “त्या दिवशी दुपारी दीड वाजता खिडकी चारवर कोण होतं?”

“आठवत नाही,” मी म्हणालो. मला दीड वर्षात निवृत्त व्हायचं होतं. दुसरं काही कारण नव्हतं.

कुंडलिकना बोलावलं होतं, पण त्यांना खिडकीमागचा चेहरा सांगता येईना. रुचिरा म्हणाली, बाईच असेल, मी आत पाहिलंच नाही, काय सांगितलं ते काकांकडून कळलं, माझं लक्ष फोनमध्ये होतं. दोन्ही आरोप सिद्ध झाले. अनुपमाची बदली माहुलच्या रेकॉर्ड गोदामात झाली, जुन्या नोंदवह्या लावायला. दहिसर ते माहूल, शहराच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला. म्हातारा बाप घरी एकटा. त्या दिवशी मी कार्यालयात पेढे वाटले नाहीत एवढंच, बाकी मला हायसं वाटलं.

मी निवृत्त झालो. मला पश्चात्तापाने झोप लागत नव्हती असलं काही नाही; छान लागत होती. पण एकदा बोरिवलीच्या बाजारात रुचिरा भेटली. एका खाजगी दवाखान्यात लागली होती. मला ओळखून म्हणाली, “सर, ती बाई कुठे असते हो आता? माझं आयुष्य वाया घालवलं तिने. तिचं कधी भलं होणार नाही.” आणि मी तिथे, भाजीची पिशवी हातात घेऊन, मान हलवली. “हो ना,” म्हणालो.

त्या रात्री मात्र झोप लागली नाही.

आठवडाभराने मी माहुलला गेलो. गोदामात तेलाचा वास, उंच लोखंडी मांडण्या. ती एका टेबलाशी वह्यांना चिकटपट्ट्या लावत होती. केस बरेच पिकले होते.

“काय काम?”

“भेटायला आलो.”

“हयसर भेटूक कोण येत नाय. काम सांगा.”

“कुंडलिकना तो नंबर टाकायला मी सांगितलं होतं.”

“मला माहीत आहे,” ती म्हणाली. “त्या दिवशीच माहीत होतं. मला सांगून काय उपयोग? लिहून द्या.”

तिने कोरा कागद पुढे केला. बसा म्हणाली नाही. मी उभ्यानेच लिहिलं, ‘सदर दिवशी संबंधितांना अन्य क्रमांक नमूद करण्याबाबत सांगण्यात आले होते.’ तिने वाचून कागद फाडला.

“कुणी सांगण्यात आले? हे लिहून लिहूनच तुम्ही तीस वर्षं काढलीत. ‘मी सांगितले’ असं लिहा.”

दुसऱ्या कागदावर तारीख राहिली. तोही फाडला. “माझी चारही पत्रं तुमच्या कपाटात राहिली तेही लिहा,” ती म्हणाली. मी चमकलो. म्हणाली, “वरून एकाचीही पोच आली नाही. बावळट समजलात काय मला?”

तिसऱ्या कागदावर मी सगळं लिहिलं. नाव, वेळ, पत्रं. मी म्हणालो, “बाई, मला माफ करा.”

“ते त्या मुलीला सांगा,” ती म्हणाली. “मला तुमची माफी ठेवायला जागा नाही.” तिने आवक शिक्का मारला, एक प्रत माझ्या हातात दिली आणि पुन्हा चिकटपट्टी कापायला घेतली.

मी रुचिराला सांगितलं. तिने माझ्या तोंडावर दार आपटलं. आठ महिन्यांनी अनुपमावरचा पहिला आरोप रद्द झाला. दुसरा कायम आहे, त्यामुळे बदलीही कायम आहे. मेमो आता माझ्या नावाने निघाला आहे, निवृत्त असलो तरी. पुढच्या महिन्यात सुनावणी आहे, आणि समिती पुन्हा तोच प्रश्न विचारणार. या वेळी मी उत्तर देणार आहे. अनुपमा गोलतकर तिथे साक्षीदार म्हणून येणार आहे, असं कळलं. माझ्या बाजूने नव्हे.